म्हशीची वैरण घोड्याला नको: वाळलं गवत कसं निवडायचं

नवीन घोडा घेतला की खोगीर, लगाम, चाल, जात सगळ्यावर चर्चा होते, सारंगखेड्याच्या नाहीतर अकलूजच्या बाजारातून घोडी आणली असेल तर तिच्या अंगावर भोवरे कुठे कुठे आहेत हे अख्ख्या आळीला पाठ होतं, पण खायला काय घालणार म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "वैरण आहे की म्हशीची, त्यातलीच घालू." काही दिवस निभतंही. मग खोकला सुरू होतो, किंवा एखाद्या रात्री घोडा पोटाकडे वळून वळून बघायला लागतो, पाय आपटतो, लोळतो, आणि डॉक्टर तालुक्याला असतो.

तर हे सगळं त्याच्या आधी वाचून ठेवायचं. मी आपल्याकडच्या गवतांबद्दलच लिहितोय, कारण नेटवर शोधलं की टिमोथी काय न् ऑर्चर्ड ग्रास काय, ती आपल्या माळावर उगवत नाहीत आणि बाहेरून मागवलेल्या गासड्या परवडणाऱ्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

आधी पोटाचं बघू, थोडक्यात

म्हशीला रवंथ आहे. ती कडक, निकस चारा खाते, पोटातल्या पहिल्या टाकीत तो कुजवते, परत तोंडात आणते, चावते, आणि थोडीफार बुरशी किंवा वाईट गोष्ट असेल तर त्या टाकीतले जिवाणूच तिचा बराचसा बंदोबस्त करतात. घोड्याचं तसं नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने एवढुसं, ८ ते १५ लिटरचं, त्यात आम्ल चोवीस तास सुटत असतं, पोटात काही असो नसो. चारा कुजवायची त्याची टाकी पार मागे, मोठ्या आतड्यात, म्हणजे जे काही खराब आहे ते आधी पचनमार्गात फिरून मग तिथे पोचतं. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. जे गेलं ते गेलं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, त्याला थोडं थोडं सतत चघळायला पाहिजे, मोकळा असता तर दिवसातले चौदा-सोळा तास तो चरतच राहिला असता, म्हणून सकाळी एक भारा आणि संध्याकाळी एक भारा टाकून मधे आठ-दहा तास गव्हाण रिकामी हे त्याला चालत नाही, अल्सर होतात. दुसरी, बुरशी आणि धूळ या दोन गोष्टींना माफी नाही. गवत निकस असेल तर वर काहीतरी देऊन भरून काढता येतं, बुरशीचं असेल तर काही करता येत नाही.

घोडा मोजा, मग गवत मोजा

वजनकाटा कुणाकडे नसतो, टेप सगळ्यांकडे असतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, सेंटिमीटरमध्ये, घोड्याने श्वास सोडला की. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून मागे ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. समजा घेर १६० आणि लांबी १५० आली तर साधारण ३२३ किलो. भीमथडीच्या अंगाचं लहानखुरं घोडं किंवा टुरिस्ट लोकांना फिरवणारा तट्टू असेल तर कमी येईल, चांगली उंचीची मारवाडी घोडी जास्त भरेल.

रोजचा सुका चारा वजनाच्या २ टक्के धरायचा, दीड टक्क्याच्या खाली कधीच जायचं नाही, घोडा जाड असला तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. ३२३ किलोच्या घोड्याला साडेसहा किलो कोरडा भाग, आणि वाळल्या गवतातही दहाएक टक्के पाणी असतंच म्हणून ७ किलो गवत धरा. महिन्याला २१० किलो. पावसाळ्यात नवीन चांगलं गवत मिळत नाही, जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या पाच महिन्यांचे झाले १,०५० किलो, त्यात खाली सांडणारं, तुडवलं जाणारं, वरचं भिजणारं असं पंधरा टक्के धरलं की १,२०० च्या पुढे जातं. एका घोड्याला! हा हिशोब लोक मे महिन्यात करतात, तो दिवाळीआधी करायचा असतो.

आणि हो, पेंढीवर भाव ठरवू नका. पेंढी म्हणजे किती हे बांधणाऱ्याच्या मुठीवर असतं, एकाची दीड किलोची असते तर दुसऱ्याची पाऊण किलोची, आणि सीझन संपत आला की पेंढ्या आपोआप बारीक होत जातात, भाव तोच राहतो. एक ताणकाटा घ्या, कुठल्याही दहा पेंढ्या स्वतः उचलून मोजा, सरासरी काढा आणि किलोवर बोला. माथेरानसारख्या ठिकाणी जिथे दस्तुरीच्या पुढे साधी गाडी जात नाही, तिथे तर वर न्यायचाच खर्च वेगळा, निकस गवत वाहून नेणं म्हणजे भाड्याचे पैसे पण वाया.

कुठलं गवत

पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगर-माळावर पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल ही मिळतात आणि घोड्याला ती छान चालतात. माझं मत विचाराल तर मारवेल पहिलं, मऊ असतं, पाला भरपूर, घोडे शेवटच्या काडीपर्यंत खातात. पाणी असेल तर शेतात लावताही येतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे वाण काढलेले आहेत, एकदा ठोंबं लावली की काही वर्षं कापत राहायचं. पवन्या पण उत्तम, फक्त वेळेत कापलेला पाहिजे.

हरळी, म्हणजे आपली दूर्वाच, घोड्याचं आवडतं गवत. पण दोन भानगडी. लोक ती खुरप्याने मुळासकट खरवडून आणतात, त्याबरोबर माती आणि वाळू येते, आणि वाळू आतड्याच्या तळाशी साठत जाते, पुढे त्याचा शूळ, म्हणजे जोराची पोटदुखी, होतो. म्हणून विळ्याने कापलेली घ्या नाहीतर झटकून, धुऊन घाला. दुसरं म्हणजे एकदम बारीक वाळलेली हरळी भरपूर घातली तर लहान आतड्याच्या शेवटी तिचा बोळा बसू शकतो, अमेरिकेत हरळीच्याच जातीच्या गवतावर हे बरंच दिसलंय, तेव्हा दुसऱ्या गवतात मिसळून आणि पाणी पीत असेल तरच.

थंडीतलं ओट. नवख्या माणसाला मी हेच सांगतो, जमीन-पाणी असेल किंवा जवळ कुणी डेअरीवाला लावत असेल तर ओट बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरायचं, केंट किंवा फुले हरितासारखा वाण, दाणा दुधात असताना कापायचं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस नाही, हवा कोरडी, दोन-तीन दिवसांत सुंदर हिरवं वाळतं. डोंगरी गवताला वाळवायची जी मारामारी असते ती इथे नाहीच. फक्त अंगाने सुटलेल्या, मानेवर चरबीची वळी आलेल्या घोड्याला ओटमधली साखर जपून द्या, लॅमिनायटिसचा, म्हणजे खुरांच्या आत सूज येऊन घोडा लंगडायचा, धोका असतो.

लसूणघास हे गवत नाही, ते डाळवर्गीय, प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. वाळवलेला घास एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शापर्यंत ठेवा. नुसत्या घासावर घोडा ठेवला तर मुताचा अमोनियाचा वास तबेल्यात उभं राहू देत नाही. गाभण घोडी, शिंगरू असलेली घोडी यांना जास्त लागतो, ते डॉक्टरच्या सल्ल्याने.

आता नको असलेली. कुसळी गवत माळावर सगळ्यात जास्त दिसतं, आणि कोवळं असताना वाईट नाही, पण एकदा कुसळ धरलं की विसरा. त्या कुसळाचं टोक सुईसारखं, मागे बारीक उलटे केस, म्हणजे एकदा रुतलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. घोड्याचा ओठ उलटून बघा कधी, दात आणि हिरडीच्या मधे काळपट काड्यांचा झुबका बसलेला असतो, खाली लाल फोड, आणि मालक सांगत असतो घोडा चंदी, म्हणजे दाणा, खातो पण गवत टाकून देतोय, लाडावलाय. लाडावलेला नाही हो, तोंड फाटलंय त्याचं.

रोशा गवत वासावरूनच कळतं, गवती चहाचा भाऊबंद, घोडा शक्यतो खात नाही आणि त्याने पेंढीत भर पडते ती फक्त वजनाची.

भाताचा पेंढा कोकणात सगळीकडे आणि स्वस्त, पण त्यात प्रथिनं अगदी कमी, सिलिका भरपूर आणि काडी चिवट, मोठ्या आतड्यात गोळा होऊन बसतो. अंथरायला ठीक, खायला नाही. गव्हाच्या काडाचं तेच. ज्वारीचा कडबा घोड्यांना घालतात, मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेत, मला ठाऊक आहे, वाळल्यावर कोवळ्या ज्वारीतलं विष बरंचसं उडून जातं हेही खरं. पण जाड कांडं घोडा टाकून देतो, खाल्लाच तर पाल्यापुरता, आणि हिरवी ज्वारी, सुदान गवत तर घोड्याला देऊच नका, सतत खाऊन मूत्राशय आणि मागचे पाय दोन्ही जातात अशी केस होते.

नेपियर, म्हणजे हत्ती गवत, गिनी गवत, पॅरा गवत, हे जरा नीट ऐका कारण डेअरीवाले फुकट देतात. यांच्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं, घोड्याला ते मिळतच नाही. अंजन गवतातही हाच गुण आहे, म्हणून चांगलं दिसलं तरी नुसत्या अंजनावर ठेवू नये. म्हशीच्या पोटातले जिवाणू ऑक्झलेट मोडतात, घोड्याला ती सोय आधी सांगितलं त्या कारणाने नाही. त्यात आपल्याकडे चंदीत गव्हाचा कोंडा घालायची सवय, कोंड्यात फॉस्फरस बक्कळ, म्हणजे एका बाजूने कॅल्शियम चोरीला आणि दुसऱ्या बाजूने फॉस्फरसचा मारा. शरीर मग हाडातून कॅल्शियम काढायला लागतं. लंगडणं आज या पायाचं उद्या त्या पायाचं, आणि पुढे चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. चाऱ्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी कधीच नको, दुप्पट असेल तर उत्तम. कोंडा कमी करा, घास थोडा वाढवा, मिनरल मिक्श्चर डॉक्टरला विचारून.

कापलं कधी, हा खरा प्रश्न

गवताची जात सगळे विचारतात. कापलं कधी हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त क्वालिटी तिथेच ठरते. गवत फुलोऱ्यात येतं तेव्हा पाला आणि काडी यांचा मेळ सगळ्यात चांगला असतो, प्रथिनं शंभर किलोमागे आठ-दहा किलोपर्यंत असू शकतात. बी पडून गेलं, काडी पिवळी झाली की तेच गवत तीन-चार किलोवर येतं, उरलेलं सगळं लाकूड. जात तीच, माळ तोच, भावही तोच.

अडचण अशी की आपल्याकडे गवत फुलोऱ्यात येतं सप्टेंबरमध्ये आणि तेव्हा पाऊस चालू असतो. कापून टाकलं आणि दोन सरी आल्या की काळं पडतं. म्हणून गवतवाले थांबतात, ऑक्टोबरचं ऊन कडक होईपर्यंत, मग भातकापणी येते, मजूर तिकडे जातात, आणि डोंगरावरचं गवत दिवाळीनंतर, कधी कधी तुळशीच्या लग्नानंतर कापलं जातं. तोवर कुसळीची कुसळं सुटलेली, पवन्याचं बी झडलेलं. तुम्हाला डिसेंबरमध्ये जे पिवळं सोन्यासारखं दिसणारं गवत ट्रॉलीभर येतं ते हे. दिसायला फर्स्ट क्लास, खायला काड्या.

उपाय एकच आहे, आधी जाऊन बोलायचं. गणपती झाले की ज्याच्याकडून घेणार त्याच्या माळावर एक चक्कर मारा, कुठलं गवत जास्त आहे ते उभं असतानाच बघा, उभ्या गवतात तुरा बघून ओळखायला सोपं जातं, पेंढीत बांधल्यावर सगळं सारखं. त्याला सांगा की पाऊस उघडला की दसऱ्याच्या आसपास माझ्यापुरतं आधी काप, भाव किलोमागे थोडा जास्त देईन. थोडा ॲडव्हान्स द्यावा लागतो. बहुतेक जण तयार होतात कारण त्यांनाही हातात पैसे लवकर येतात. जास्तीचा भाव तुम्हाला डोळ्यांत खुपेल, पण पिकलेल्या काड्या घालून वर चंदी वाढवायची म्हटलं तर खर्च त्याहून जास्त होतो, आणि चंदी वाढवली की शूळाचा धोका वाढतो तो वेगळाच.

एवढं शक्य नसेल, बाजारातलंच घ्यायचं असेल, तर निदान तुरे बघा. तुऱ्यात बी अजून आहे का, काडी दाबली की चपटी होते का काठीसारखी कडक राहते, आणि काडीला पाला चिकटलेला आहे का नुसते दांडे. मूठभर गवत मुठीत घट्ट दाबा. टोचलं तर तुमच्या घोड्याच्या तोंडालाही टोचणार.

ट्रॉलीपाशी उभं राहून

विक्रेता वरची पेंढी काढून देतो. ती घेऊ नका, मधली ओढायला सांगा, कुरकुर करेल, करू दे. गासडी असेल तर एक कापून उघडायची, तिचे पैसे तुम्ही देणार असं आधीच सांगून टाका म्हणजे वाद नको.

गासडी उघडली की पदर सुटतात, पाठ्यपुस्तकाची पानं चिकटून बसल्यावर सुटावीत तसे. ते मोकळे सुटले पाहिजेत. चिकटून आले, मधे पांढरट-राखाडी भुकटी दिसली, झटकल्यावर उन्हात धुरासारखं काही उठलं, तर तिथेच थांबा. धूळ दोन प्रकारची असते, मातीची जड असते, लगेच खाली बसते, बुरशीची हलकी, हवेत तरंगत राहते आणि घशात खवखवते. उन्हाकडे तोंड करून झटकलं की फरक डोळ्यांना दिसतो. नाक लावा, खोल वास घ्या. चांगल्या गवताला वाळत घातलेल्या चहाच्या पानांसारखा, किंचित गोडसर वास येतो. कुबट वास आला, गोदामाचा, ओल्या गोणपाटाचा, तर भाव कितीही पाडला तरी नको. तंबाखूसारखा किंवा करपलेल्या गुळासारखा वास आला म्हणजे गंजी आतून तापली होती, रंग तपकिरी दिसेल, घोडे कधी कधी आवडीने खातातही, पण त्यातली बरीचशी प्रथिनं पचण्यासारखी राहिलेली नसतात.

रंगाला फार भाव देऊ नका. बाहेरून उन्हाने फिकट झालेलं आणि आत हिरवट, हे चालतं. बाहेरून हिरवं आणि आत काळे ठिपके, हे चालत नाही.

ओल तपासायची साधी रीत, जाड पेराला नख लावा. पेर सगळ्यात शेवटी वाळतं. नखाखाली ओलसर, हिरवट लागलं तर अजून वाळायचं आहे. पंधरा टक्क्यांपर्यंत ओल ठीक, वीसच्या वर गेली की गंजीत घातल्यावर बुरशी ठरलेली. खात्रीच करायची असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे बारीक तुकडे आणि मूठभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोनेक मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर कोरडं आहे, गुठळ्या झाल्या, काचेला चिकटलं तर परत उन्हात. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, तेव्हा मीठ तसंच पाझरतं.

मग दोन-चार पेंढ्या सोडून जमिनीवर पसरा आणि गवत सोडून दुसरं काय आहे ते शोधा. गाजरगवत, घाणेरी, धोत्रा, एरंड. कण्हेरीची पानं, ही फार वाईट, रस्त्याकडेच्या बांधावरून कापलेल्या गवतात येतात, वाळली तरी विष तसंच राहतं, मूठभर पानांत घोडा जाऊ शकतो. खुळखुळा, शेंगा वाजतात तो, माळावर गवतात हमखास असतो आणि त्याने यकृत हळूहळू जातं, ऑस्ट्रेलियात याच जातीच्या झाडांनी घोडे मेल्याचा जुना इतिहास आहे, वाळल्याने याचंही विष जात नाही. उभं असताना घोडा बऱ्याचदा अशी झाडं टाळतो, पेंढीत मिसळून वाळली की त्याला ती वेगळी काढता येत नाहीत. शिवाय प्लॅस्टिक, नायलॉनची दोरी, तार, आणि मेलेला उंदीर किंवा साप. मेलेलं जनावर निघालं तर ती पूर्ण गासडी टाकून द्या, अशा मेलेल्या जनावरात वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषाला, म्हणजे बोट्युलिझमला, घोडा फारच नाजूक असतो.

कुट्टी करून घेणार असाल तर मशीनच्या तोंडाशी चुंबक लावलंय का बघा, आणि तुकडा दोन-तीन इंचाचा ठेवा. त्यापेक्षा बारीक केलं तर घोडा न चावता गिळतो. खरं तर धडधाकट दातांच्या घोड्याला कुट्टीची गरजच नाही, लांब गवत चावण्यातच त्याची लाळ सुटते आणि पोटातलं आम्ल शांत राहतं. म्हातारा घोडा अर्धवट चावलेले गोळे खाली टाकायला लागला तर मात्र कुट्टी, आणि दात दाखवा डॉक्टरला.

ठेवायचं कसं

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र आहे, १६७० च्या दशकातलं, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून जे सगळ्यांना माहीत असतं तेच. पण ते पत्र मुळात बरंचसं घोड्यांच्या दाण्या-गवताबद्दल आहे. पावसाळाभर पुरेल अशा बेताने गवत वापरा, आत्ताच उधळलंत तर घोडी उपाशी मरतील, गंजीजवळ कुणी चूल पेटवू नये, तंबाखू ओढू नये, दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताला आग लागेल. तबेला चालवणाऱ्याने यात आज काही बदलावं असं मला तरी दिसत नाही, दिव्याच्या जागी उघडी वायर आणि पत्र्याच्या शेडमधला सैल होल्डर घाला फक्त.

गवत जमिनीला टेकवायचं नाही. खाली बांबू, लाकडी पॅलेट, जुने टायर काहीही, वीतभर तरी हवा खेळली पाहिजे. भिंतीपासूनही हातभर लांब. बाहेर गंजी रचणार असाल तर कोकणात उडवी रचणारे जुने लोक अजून आहेत, त्यांच्याकडून शिका, मधे फुगीर, वर निमुळती, पाणी आत न शिरता बाहेरून ओघळतं. ताडपत्री थेट गवतावर घट्ट आवळू नका, आतला दमट वाफारा अडकतो आणि वरचा थर कुजतो, मधे बांबू घालून थोडी उचलून धरा.

नवीन गवत रचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे लक्ष ठेवायचं, तापतं ते तेव्हाच. एक लोखंडी सळई गंजीत खोल खुपसून ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी काढून लगेच हात लावा. कोमट असेल तर रोज बघत राहा. हात ठेववत नसेल तर गंजी उघडायची, पण माणसं आणि पाणी हाताशी ठेवून, कारण आत पेट घेण्याइतकं तापलेलं गवत हवा लागली की भडकतं.

आधीचं गवत आधी संपवा. हे सांगायला नको, पण नवीन ट्रॉली आली की ती जुन्याच्या पुढ्यात उतरवली जाते आणि मागचं दोन वर्षं तसंच राहतं, बऱ्याच तबेल्यांत बघितलंय.

घालायला सुरुवात

नवीन गवत एकदम बदलायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण, आठ-दहा दिवसांनी पूर्ण. मागच्या आतड्यातल्या जिवाणूंना नवीन चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. बाजारातून घोडा आणताना त्याच्या जुन्या मालकाकडून चार-पाच दिवसांचं गवत मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही, आणि प्रवासाने आधीच बिथरलेल्या पोटाला तेवढा आधार.

जमिनीवरून खाऊ द्या, मान खाली करून. उंच गव्हाणीत किंवा डोक्याच्या वर टांगलेल्या जाळीत घातलं की धूळ सरळ नाकात जाते आणि कुसं डोळ्यात. बारीक भोकांची जाळी चांगली, घोडा हळू खातो आणि गव्हाण जास्त वेळ भरलेली राहते, फक्त ती खाली बांधताना पाय अडकणार नाही अशी बांधा. नालवाल्या घोड्याला जाळीपेक्षा दगडी कुंडी बरी.

थोडी साधी धूळ असेल तर गवत पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून लगेच घाला. ते पाणी फेकून द्या, घोड्याला पाजू नका. आपल्या उन्हात भिजवलेलं गवत दुपारपर्यंत आंबायला लागतं, तेव्हा एका वेळचं तेवढंच भिजवायचं. बुरशीचं गवत धुऊन चालेल का हे मला दर वेळी कुणीतरी विचारतंच. नाही चालत.

वाळल्या गवतावरच्या घोड्याला पाणी भरपूर लागतं, दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात कामाच्या घोड्याला त्याहून जास्त. थंडीत पहाटेचं गार पाणी काही घोडे पीत नाहीत आणि मग लीद कडक होते. कोमट करून बघा. सैंधवाचा खडा गव्हाणीत कायम असू द्या. एक गोष्ट चाऱ्याच्या जोडीने सांगून टाकतो, म्हशीचं सुग्रास, म्हणजे तयार पशुखाद्य, कितीही पौष्टिक वाटलं तरी घोड्याला देऊ नका, गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गुरांना ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं.

मग लीद बघत राहायचं. गोळे सुटे, ओलसर, जमिनीवर पडून फुटणारे असले तर पचतंय. लांब लांब न चावलेल्या काड्या दिसल्या तर दात किंवा गवत फार पिकलेलं. गोळे बारीक, कडक, वरून चिकट चकचकीत आवरण असलेले, तर पाणी कमी पडतंय आणि तुंबायची सुरुवात असू शकते. लीद मूठभर घेऊन पाण्याच्या पारदर्शक पिशवीत ढवळा आणि टांगून ठेवा, तळाशी वाळू बसली तर माती कुठून जातेय ते शोधा. लीद थांबली, घोडा खाईना, पोटाकडे बघतोय, घाम फुटलाय, तर घरगुती काढे पाजत बसू नका, गव्हाणीतलं सगळं काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा.

जे गवत नापास झालं ते "गाईला घाला" म्हणून शेजाऱ्याला देऊ नका, गाभण गाय असेल तर बुरशीने गाभ जाऊ शकतो. खतात टाका.